विशेष मुलांसाठी काम सुरू करणाऱ्या नवख्यांना पैसा आणि पाठबळ कुठून मिळतं?

पायवाट

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी विशेष शिक्षिका आहे. बौद्धिक अक्षमता या विषयात डी.एड., आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे, राहते मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. आम्ही तिघी आहोत: मी, एक फिजिओथेरपिस्ट आणि सेरेब्रल पाल्सी (सी.पी.) असलेल्या एका मुलाची आई. शनिवार-रविवारी समाजमंदिरात वाड्यावस्त्यांवरची मुलं येतात. सगळ्यांची नावं जिल्हा परिषदेच्या शाळांच्या पटावर आहेत, पण रोज वर्गात बसणारी त्यातली थोडीच. कुणाला पोचवायला घरी माणूस नाही, कुणाला शाळेनेच सांगितलंय की परीक्षेपुरता आणा. सध्या सगळं पदरमोडीवर चाललंय.

मदत मागायला गेलं की लोक नाही म्हणत नाहीत. उलट लगेच विचारतात, व्हीलचेअर किती हव्यात? एका दात्याने खरंच एक पाठवली, मोठ्या माणसाच्या मापाची. सी.पी.च्या मुलाला पाठीला आणि मानेला आधार देणारी, माप घेऊन बनवलेली खुर्ची लागते. ते माप घ्यायला, मुलाला तिच्यात बसायची सवय लावायला, घरच्यांना दाखवायला कुणीतरी लागतं. त्या 'कुणीतरी'चा पगार द्यायला कुणी तयार नाही. शिवाय मूल वाढतं. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेत बारा वर्षांखालच्या मुलांना वर्षाने पुन्हा साहित्य मिळू शकतं, इतरांना तीन वर्षांनी. ही तरतूद बहुतेक पालकांच्या कानावरसुद्धा आलेली नसते, कारण शिबिरात सांगायला कुणाला वेळ नसतो.

सरकारी शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेत दिव्यांग मुलामागे वर्षाला ३५०० रुपये धरलेत. मुलींना महिना २०० रुपये, दहा महिने. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात सांगितलं की सर्वसाधारण शाळेत प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक हवा. आपल्या राज्याने २०२४ मध्ये शाळांच्या प्रत्येक केंद्रामागे एक अशी ४८६० पदं करायचं ठरवलं. चांगलंच आहे, नाही कशाला म्हणू. पण एका केंद्राखाली कितीतरी शाळा असतात, आणि एकच शिक्षक दृष्टिहीन, कर्णबधिर, स्वमग्न अशा सगळ्या मुलांना पुरा पडणार कसा?

तर विचारायचं असं की नोंदणी आत्ताच करावी का? वस्तूंऐवजी माणसांच्या मानधनाला पैसे देणारं कुणी आहे का? आणि ज्यांनी हे काम आधी केलंय अशा कुणाचा हात धरून शिकायचं असेल तर कुठे जावं?

हिशेबनीस

धागा वाचनखुणेत साठवला. मी सीए आहे, छोट्या संस्थांची ऑडिट्स करतो, त्यामुळे माझं उत्तर थोडं रुक्ष वाटेल.

तीन मार्ग असतात. सोसायटी (१८६० चा कायदा, किमान सात सभासद), सार्वजनिक न्यास (धर्मादाय आयुक्तांकडे, १९५० च्या कायद्याखाली) आणि सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटणारी). महाराष्ट्रात सोसायटीलाही धर्मादायकडे न्यास म्हणून नोंद करावीच लागते. त्यानंतर आयकरात नोंदणी: संस्थेला करमाफी (१२ए) आणि देणगीदाराला करसवलत (८०जी). २०२१ पासून नव्या संस्थेला ही नोंदणी आधी तात्पुरती मिळते, तीन वर्षांची.

आता खरी अडचण. कंपन्यांचा सीएसआर पैसा (कायद्याने समाजकामासाठी काढून ठेवलेला) घ्यायचा तर सीएसआर-१ फॉर्म लागतो, आणि नियमात स्पष्ट लिहिलंय की स्वतंत्र संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. परदेशातला पैसा हवा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी. तिथेही तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख खर्च झालेला असावा लागतो. म्हणजे ज्या तीन वर्षांत सगळ्यात जास्त गरज, त्याच तीन वर्षांत दोन्ही मोठी दारं बंद.

म्हणून माझा सल्ला असा की नोंदणी लगेच करा, कारण घड्याळ त्या दिवसापासून चालू होतं. पण तोवर एखाद्या जुन्या, स्वच्छ हिशेबाच्या संस्थेचा प्रकल्प म्हणून काम करा. पैसा त्यांच्या खात्यात, पगार त्यांच्या पगारपत्रकावर, काम तुमचं. एक गोष्ट लक्षात ठेवा. एफसीआरएचा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला पुढे देणं २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. त्यांच्याकडे परदेशी निधी असेल तर तुम्ही त्यांचा प्रकल्प असायला हवं, वेगळी संस्था म्हणून त्यातला रुपयाही घेता येणार नाही.

आणि हो, 'शाळा' हा शब्द फलकावर लिहिण्याआधी थांबा. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे त्यासाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालयाशी गाठ असते. कुणीतरी तक्रार केली की पहिला प्रश्न हाच येतो.

खवचट_काका

झालं! आणखी एक संस्था. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, लेटरहेड, शिक्का. चार वर्षांनी 'चेंज रिपोर्ट' (पदाधिकारी बदलल्याची नोंद) अडकला म्हणून धर्मादायच्या पायऱ्या झिजवायच्या.

बाई, तुमच्या जिल्ह्यात अनुदानित विशेष शाळा नाहीत का? तिथे नोकरी धरा, आतून सुधारा. नव्या माणसांना पुढारी व्हायची घाई फार. 'लीडरशिप' म्हणे!

पायवाट

काका, जिल्ह्यात शाळा आहेत. निवासी आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. आमच्याकडच्या आया सहा वर्षांचं पोर वसतिगृहात ठेवायला तयार नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. कायदाही मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत शिकायचा हक्क देतो. शेजारच्या शाळेचा हक्क कागदावरच राहू नये एवढ्यासाठीच हा खटाटोप. पुढारी वगैरे कुणालाही व्हायचं नाहीये. मला महिन्याचा पगार हवाय, एवढं साधं आहे.

मधली_खिडकी

मी एका कंपनीत सीएसआर बघते, म्हणून व्हीलचेअरचं गूढ उकलून सांगते. वस्तू मोजता येते, तिचा फोटो निघतो, आणि ३१ मार्चच्या आत बिल लागतं. शिक्षिकेच्या कामाचा फोटो काय काढणार? तीन महिन्यांत मूल चमचा धरायला लागलं, हे आमच्या वरिष्ठांना प्रगती वाटतच नाही. त्यांना 'किती लाभार्थी' हवं असतं.

कायदा आड येत नाही, हे मात्र ठासून सांगते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत 'विशेष शिक्षण' हे शब्द आहेत. दुसरं म्हणजे, 'आम्ही प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर देत नाही' असं कुणी म्हणालं तर गप्प बसू नका. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या खर्चाला आहे, संस्थेच्या खर्चाला नाही. आमच्यातल्याच निम्म्या लोकांना हे माहीत नसतं किंवा माहीत नसल्याचं सोयीचं पडतं.

प्रस्तावात पगार 'प्रशासन' या शीर्षाखाली लिहूच नका. विशेष शिक्षणात शिक्षिका हाच कार्यक्रम आहे. समजा, दोन शिक्षिका, प्रत्येकी १८ हजार महिना. वर्षाचे ४ लाख ३२ हजार. फिजिओ आठवड्यातून दोन दिवस, महिना ८ हजार, म्हणजे ९६ हजार. प्रवास ६० हजार, साहित्य ४०, हिशेब आणि ऑडिट ३०. एकूण ६ लाख ५८ हजार. मुलं पंचवीस धरली तर एका मुलामागे वर्षाला सव्वीस हजारांच्या आसपास. हा आकडा पहिल्याच पानावर लिहा, दडवू नका. त्याच्या शेजारी समग्र शिक्षातले ३५०० लिहा. वाचणारा स्वतःच प्रश्न विचारतो.

आणि एकच वर्षाचं अनुदान देत असतील तर 'पुढच्या वर्षाचं काय' हे लेखी विचारा. एक वर्ष मुलाला सवय लावून दुसऱ्या वर्षी केंद्र बंद करण्यापेक्षा ते पैसे न घेतलेले बरे, असं माझं मत. ऑफिसात हे बोलता येत नाही म्हणून इथे बोलतेय.

स्पर्शलिपी

मी जन्मतः दृष्टिहीन आहे, कॉलेजात शिकवतो. स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकला.

पायवाट ताई, काम चांगलंच आहे. एकच प्रश्न विचारतो, राग मानू नका. तुमच्या तिघींत दिव्यांग व्यक्ती किती?

विचारतो कारण आमच्या क्षेत्रात अनुदान लिहिणारे, ते देणारे, मार्गदर्शन करणारे आणि सत्कार स्वीकारणारे बहुतेक सगळे डोळस, चालते, ऐकते असतात. आम्ही टाळ्या वाजवायला. मी शाळेत असताना गणित-विज्ञान घेऊ नको असं मला ज्यांनी सांगितलं ते सगळे माझ्या भल्याचंच बघत होते. मला वेगळं सांगणारा पहिला माणूस स्वतः अंध होता. त्याने भाषण दिलं नाही, स्वतः आकृत्या हाताने कशा वाचतो ते दाखवलं. मार्गदर्शक म्हणजे माझ्या लेखी हा.

नव्या लोकांसाठी म्हणून जे काही आहे त्यात मला दिव्यांगांच्या रोजगारासाठी काम करणाऱ्या दिल्लीच्या एनसीपीईडीपी संस्थेची जावेद अबिदी यांच्या नावाची फेलोशिप महत्त्वाची वाटते. ती तरुण दिव्यांगांसाठीच आहे, आणि पैशाबरोबर धोरण कसं हलवायचं हे त्यात शिकवतात. अबिदी स्वतः व्हीलचेअरवर होते. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न यावा म्हणून भांडलेला माणूस. आधी मोजा तरी, असा साधा मुद्दा होता. मुंबईत झेवियर्स कॉलेजातलं एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचं केंद्र २००३ पासून आहे. त्यांनी २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती होण्यासाठी बराच रेटा लावला. त्या दुरुस्तीमुळे आज कुठलंही छापील पुस्तक आमच्यासाठी ब्रेल किंवा ऑडिओ रूपात आणायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. तुमच्या केंद्रात दृष्टिहीन मूल असेल तर त्याचं पाठ्यपुस्तक स्कॅन करायला कुणाच्या दारात जायची गरज नाही, हे तुम्हाला ठाऊक असणं एखाद्या अनुदानाइतकंच कामाचं.

माझी सूचना: तुमच्या विश्वस्त मंडळात पहिल्या दिवसापासून किमान दोन दिव्यांग प्रौढ घ्या. शोभेला नको, सह्यांच्या अधिकारासकट घ्या.

करडी_मांजर

स्पर्शलिपी, तुमचं बरंचसं मान्य, पण एका जागी अडते. माझी मुलगी चौदाची आहे, स्वमग्न, बोलत नाही. तिच्या वतीने उद्या विश्वस्त मंडळात कोण बसणार? मीच ना? आम्हा पालकांना 'तुम्ही दिव्यांग नाही, तुम्ही बाजूला व्हा' असं काही सभांमध्ये ऐकवलं गेलंय. ते झोंबतं.

पायवाट, तुमच्या तिघींतली जी आई आहे ना, तिला कमी लेखू नका. माझा अनुभव असा की टिकतं ते आईने धरलेलं काम. मुंबईच्या 'उम्मीद' बालविकास केंद्रात समाजात काम करणाऱ्या बायकांना आणि पालकांना बालविकास साहाय्यक म्हणून तयार करतात. मोठी पदवी नसली तरी चालतं. असं प्रशिक्षण हेही अनुदानच, पैसे हातात पडत नाहीत एवढंच. शिवाय केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टकडे पालक संघटनांनाही नोंदणी करता येते. १९९९ चा कायदा आहे तो, स्वमग्नता, सी.पी., बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. निरामय आरोग्य विमा (एक लाखापर्यंत) तिथूनच मिळतो. तुमच्या मुलांचे निरामयचे फॉर्म भरले आहेत का? नसतील तर अनुदान वगैरे नंतर, आधी ते.

स्पर्शलिपी

करडी_मांजर, तुम्ही बाजूला व्हा असं मी म्हणणार नाही. पण एक सांगा, बोलत नसलेल्या मुलीला चित्रांच्या तक्त्यावरून किंवा टॅबवरून 'हो-नाही' दाखवता येत असेल, तर केंद्राच्या वेळा, जागा, खेळ यांबद्दल तिला कुणी विचारलंय? मंडळावर बसणं हा पुढचा भाग. तिचं मत घ्यायची सवय कुठल्या अनुदानाच्या अहवालात मी अजून पाहिलेली नाही.

करडी_मांजर

विचारलं नाही. तिच्या शाळेत तर नाहीच. मुद्दा पोचला. तरी माझी खुर्ची मी सोडत नाही. :)

हातवारे

उशिरा आलो. माझे आई-वडील दोघं कर्णबधिर, मी ऐकू येणारा. घरात सांकेतिक भाषेतच वाढलो.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत स्पर्शलिपींचं म्हणणं दुप्पट खरं आहे. कितीतरी शाळांत वर्षानुवर्षं ओठ वाचायला लावत मुलांना शिकवलं गेलं, हातावर पट्टी मारून खुणा बंद केल्या गेल्या. कर्णबधिर मोठा माणूस मुलांनी शाळेत पाहिलेलाच नसायचा. आता दिल्लीच्या आयएसएलआरटीसीचा (भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा) डीटीआयएसएल हा पदविका अभ्यासक्रम आहे, भारतीय सांकेतिक भाषा शिकवायचा, आणि तो खास कर्णबधिरांसाठीच आहे. तो करून आलेल्या मुलामुलींना तालुक्यात काम मिळत नाही ही खरी शोकांतिका. पायवाट, तुमच्याकडे कर्णबधिर मुलं येत असतील तर अशा एकाला आठवड्यातून एक दिवस बोलवा, मानधन द्या, प्रवासखर्च द्या. आणि दुभाष्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा. मार्गदर्शन शिबिरात दुभाषी नसेल तर कर्णबधिर तरुण तिथे दिवसभर नुसता बसून येतो, जेवण करून.

न्यूजर्सीकर

इथे सरकारी शाळेत स्पेशल एज्युकेशन शिकवते, म्हणून अमेरिकेतली एक पद्धत सांगते. तुलना करायची नाही, पैसा आणि कायदा दोन्ही वेगळे आहेत.

१९७५ च्या कायद्यातून पुढे आलेला दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा जो आयडीईए कायदा आहे, त्यात विशेष शिक्षक तयार करण्यासाठी स्वतंत्र केंद्रीय निधी आहे. विद्यापीठाला अनुदान मिळतं, त्यातून विद्यार्थ्याची फी भरली जाते, आणि त्या बदल्यात एका वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षं दिव्यांग मुलांसोबत काम करायचं बंधन असतं. नाही केलं तर पैसे परत. मला यातलं आवडतं ते एवढंच की पैसा माणूस घडवण्यावर खर्च होतो आणि तो माणूस क्षेत्रात राहील याची सोय आधीच केलेली असते. अर्थात ती वर्षं संपली की सोडून जाणारेही मी बघते.

खवचट_काका

हे बंधनाचं बरं आहे. आपल्याकडे एमबीबीएसवाल्यांच्या बॉण्डचं काय होतं ते माहीत आहे, पण निदान कल्पना तरी शहाणपणाची.

आता मी कोण ते सांगतो. अनुदानित विशेष शाळेत मुख्याध्यापक होतो, निवृत्त झालो. माझ्या खवचटपणाचं मूळ तिथे आहे. वेतनेतर अनुदान कधी यायचं, कधी नाही. नवे शिक्षक यायचे, उत्साहाने दोन-तीन वर्षं करायचे आणि कंटाळून जायचे. त्यांना पैसा कमी पडला असं नाही. वर्गात अडल्यावर विचारायला कुणी नव्हतं. मी केबिनमध्ये पगारबिलं, हजेरीपटं आणि तपासणीच्या फायलींत. मूल चावलं, डोकं आपटायला लागलं, मासिक पाळीच्या वेळी मुलीला कसं सांभाळायचं, हे प्रश्न शिक्षिका एकमेकींना कुजबुजत विचारायच्या. कुठल्याच प्रशिक्षणात ते येत नव्हते.

म्हणून 'मेंटॉर' या शब्दाचं मला वावडं आहे. महिन्यातून एकदा झूमवर येऊन 'तुमचं व्हिजन काय' विचारणारे खूप. मार्गदर्शक हवा तो वर्गात मागे बसून दोन तास बघणारा आणि नंतर चहा पिताना 'त्या मुलाला तू तीनदा उठवलंस, गरज नव्हती' असं सांगणारा. विहीर खोदताना काठावरून ओरडणारा काय कामाचा, खाली उतरून माती उपसायला हवा.

बाई, तुमचा तालुका कुठला ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्या हाताखाली काम केलेल्या दोन शिक्षिका त्या भागात आहेत, एक आता घरीच असते. विचारून बघतो.

मधली_खिडकी

काका, हा प्रतिसाद आधी का नाही लिहिलात! आणि यातला एक मुद्दा अनुदानाच्या भाषेत मांडते: अशा फिरत्या अनुभवी शिक्षिकेचं मानधन प्रस्तावात 'वर्गातील मार्गदर्शन' म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा. माझ्या टेबलावर आलेल्या प्रस्तावांत ही ओळ मी क्वचितच पाहिली. दाखवली तर मी तरी भांडून मंजूर करून घेईन.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांना हात देणाऱ्यांपैकी दोन नावं राहिली होती. मुंबईची अनलिमिटेड इंडिया २००७ पासून आहे. संस्थेपेक्षा तिच्यामागच्या माणसावर पैसे लावायचे, ही तिची मूळ कल्पना. आणि विप्रो फाउंडेशन. शिक्षणातल्या नव्या संस्थांना ते सुरुवातीचा पैसा पुरवतात, आणि दिव्यांग मुलांचं शिक्षण हा त्यांचा जुना विषय आहे. दोन्हीकडे अर्ज करण्याआधी सध्याच्या अटी नीट वाचा, त्या वर्षागणिक बदलतात. समाजोद्योजकांसाठीच्या अशोका फेलोशिप वगैरेचा नाद सध्या नको. ती बऱ्यापैकी सिद्ध झालेल्या कल्पनेला मिळते, तुमची वेळ यायची आहे.

गावकुस

सगळे मुंबई-दिल्ली-अमेरिका फिरून आले, आता ग्रामपंचायतीत या.

ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद, सगळ्यांनी स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी तीन टक्के होता. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, आमच्याकडे हा निधी कसा संपतो ते सांगतो. वर्षाच्या शेवटी यादीतल्या प्रत्येकाला थोडीथोडी रक्कम वाटायची, फोटो काढायचा. मोठी मंडळी खूश, मुलांचा विषय निघतच नाही. कारण मुलं ग्रामसभेला येत नाहीत आणि त्यांच्या आया बोलत नाहीत.

छोट्या गावाची घरपट्टी-पाणीपट्टी ती काय, त्याचे पाच टक्के म्हणजे फार नाही. पण पाच-सहा गावांनी आपापला थोडा वाटा सामूहिक कामासाठी दिला तर समाजमंदिराला उतार, कठडा आणि कमोडचं शौचालय होऊन जाईल. तालुक्याच्या गावी नगरपंचायत असेल तर तिचं उत्पन्न बरं असतं, तिथे आधी जा.

पगार मात्र यातून निघेल या भरवशावर राहू नका. तो वादाचा विषय होतो, ग्रामसेवक सही करायला घाबरतो.

पायवाट

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकेक उत्तर देत नाही, जे ठरलं ते लिहिते.

नोंदणी करतोय, सात जण जमवतोय. स्पर्शलिपी, आमच्या तिघींत दिव्यांग कुणी नाही. पण शेजारच्या गावात पोलिओ झालेले एक निवृत्त तलाठी आहेत, आणि आमच्याकडेच येऊन पुढे बारावी झालेली एक दृष्टिहीन मुलगी आहे. दोघांना विचारलं. तलाठी काका हो म्हणाले आणि लगेच हिशेबाची वही मागितली. मुलगी म्हणाली, सभासद होईन पण सतरंज्या घालणार नाही. घेतलंय तिला.

निरामयचे फॉर्म भरायला सुरुवात केली. काही मुलांची यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डंच नाहीत, त्यासाठी सिव्हिलला खेपा आल्या. खवचट काका, व्यनि केलाय. त्या घरी असलेल्या बाईंना महिन्यातून दोन शनिवार जमतील का एवढंच सध्या विचारा, प्रवासखर्च आम्ही देऊ.

हिशेबनीस, दुसऱ्या संस्थेचा प्रकल्प म्हणून काम करताना करारात काय काय लिहून घ्यावं? जिल्ह्यातली एक जुनी संस्था तयार आहे, पण ते म्हणतात कागद कशाला, विश्वास आहे ना.

हिशेबनीस

विश्वास आहे म्हणूनच कागद करा, म्हणजे तो टिकेल. पगार कुठल्या तारखेला, त्यांनी प्रकल्पातून किती टक्के आपल्या खर्चासाठी कापायचे, दर तीन महिन्यांनी खर्चाचा तक्ता तुम्हाला मिळणार का, मुलांच्या नोंदी आणि फोटो कुणाच्या ताब्यात, आणि तुम्ही वेगळ्या झालात तर साहित्य कुणाचं. शेवटचं कलम सगळ्यात महत्त्वाचं, भांडणं कपाटांवरून आणि फिजिओच्या चेंडूंवरून होतात. मुलांचे फोटो प्रस्तावात वापरायचे तर पालकांची लेखी संमती घ्या, मराठीत, आणि वाचून दाखवून. मसुदा पाठवा, बघून देतो. फी नाही.

खवचट_काका

बाईंशी बोललो. दोन शनिवार जमतील म्हणाल्या. प्रवासखर्च नको म्हणत होत्या, मी म्हटलं घ्याच, नाहीतर चौथ्या महिन्यात यायच्या बंद व्हाल. आणखी एक, त्या आल्या की पहिल्या दिवशी बोलणार नाहीत, नुसत्या बघतील. घाबरू नका.

गावकुस

पायवाट ताई, नगरपंचायतीचा अर्ज अंदाजपत्रक बनायच्या आधी द्या, नंतर उपयोग नाही. दोन प्रतींत न्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. तोंडी 'बघतो' वर परत येऊ नका.